तळ्याला हवा हवी की नको

ती. स्व. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

सर्वांत आधी हे वाच: अकराच्या अकरा मासे जिवंत आहेत. हे वाक्य भाऊजींना दोनदा वाचून दाखव, त्यांना घोटभर पाणी दे आणि मगच पुढे जा. त्यांचा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? पंधरा दिवस वाकायचं नाही, शिंकायचं नाही आणि मनाला काही लावून घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. पहिली दोन पथ्यं ते पाळतील. तिसऱ्यासाठी मी हे पत्र फार जपून लिहितोय. तुझे गुडघे, भाचीचा खोकला, जावयांचं नवं ऑफिस, सगळ्यांची खुशाली कळव.

(ताई, आता नीट लक्ष दे. भाऊजींना वाचायची बंदी आहे म्हणजे पत्र तूच मोठ्याने वाचणार. तेव्हा जे कंसात आहे ते मनात वाचायचं आणि कंसाबाहेरचं मोठ्याने. लहानपणी माझं प्रगतिपुस्तक तू बाबांना असंच वाचून दाखवायचीस, तेव्हा तुला सराव आहे. फोनच केला असता, पण फोन भाऊजी उचलतात आणि त्यांनी नुसतं ‘बोला’ म्हटलं की माझी बोलती बंद होते.)

तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे गेलात त्या दिवशी भाऊजींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, बाकी घर जळालं तरी चालेल, तळं सांभाळ. मला तेव्हाच पहिला धक्का बसला. कारण मी म्हणजे कोण, तर नाक्यावरचा पंक्चरवाला. पस्तीस वर्षं लोकांच्या चाकांत हवा भरतोय. भाऊजी म्हणजे हेडक्लार्क, त्यांच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी असते. (आणि ते मला लग्नाच्या दिवसापासून पाण्यात पाहतात, हे तुलाही माहीत आहे. लग्नात त्यांच्या सजवलेल्या गाडीचं चाक बसलं, त्याचं पंक्चर मी काढलं आणि ते भर रस्त्यात दुसऱ्यांदा बसलं. तो खिळा माझा नव्हता, पण हे त्यांना कोण सांगणार!) त्या माणसाने आपलं तळं माझ्यावर सोपवावं म्हणजे काय? मी त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं, फळीवर ‘पंधरा दिवस हवा नाही’ असं खडूने लिहिलं आणि तुमच्या ओसरीवर सतरंजी टाकली.

पहिला दिवस उत्तम गेला. कोठीच्या दारामागे भाऊजींनी लावलेला सूचनांचा कागद मी कलमवार वाचला. गॅस, खिडक्या, कुंड्या, आणि मासे सकाळ-संध्याकाळ एकेक मूठ. संध्याकाळी तळ्याच्या काठावर बसून सगळ्यांची ओळख करून घेतली. तो काळपट पाठीचा, मिशीवाला थोरला, ज्याला भाऊजी ‘साहेब’ म्हणतात, तो तर माझ्याकडे असा बघत राहिला की मी आपोआप सरळ बसलो. नोकरीत भाऊजी कुठल्याच साहेबापुढे वाकले नाहीत, मग याच्यापुढे रोज सकाळी का वाकतात ते मला तेव्हा कळलं. (त्याच संध्याकाळी मी तळ्यात एक किरकोळ दुरुस्ती केली. अगदी किरकोळ. ती पुढे सांगेन. तू सध्या चेहरा सरळ ठेव.)

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर काय! अकराही मासे पाण्याच्या वर तोंड काढून, ओठ उघडझाप करत एका रांगेत उभे! मी हबकलोच. माणसांनीसुद्धा माझं एवढं स्वागत कधी केलेलं नाही. मला वाटलं, भूक लागली असेल. एक मूठ टाकली. तोंडं तशीच. दुसरी टाकली, तिसरी टाकली. मासे खाईनात, आणि दाणे फुगून तळाशी जाऊ लागले. साहेब तर माझ्याकडे बघून असं काही तोंड हलवत होता की मी जवळ कान नेला. खरंच नेला. माझी त्या वेळची अवस्थाच तशी होती.

आता तूच सांग, माशाला काय होतंय हे कुणाला विचारायचं? ज्याला मासे कळतात त्याला. म्हणून मी बाजारात मासेवालीकडे गेलो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, कल्ला उचलून बघा, लाल असला तर मासा चांगला. मी म्हटलं, अहो, तो जिवंत आहे. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी गैर बोललो. तेव्हा लक्षात आलं की तिचं ज्ञान मासा मेल्यानंतर सुरू होतं. मी तसाच परत आलो.

परत आलो तर शेजारच्या शास्त्राच्या बाई कुंपणावरून तळ्याकडे बघत उभ्या. तुला माहीतच आहे, तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या तरी कुणी समोर आलं की त्यांचा हात खडू शोधतो. त्या म्हणाल्या, यांना हवा कमी पडतेय. मी हसलो. म्हटलं, बाई, पाण्यातल्या प्राण्याला हवा? त्यांनी मला काठावर बसवलं आणि जे सांगितलं त्याने मी मुळापासून हादरलो. पाण्यात हवा असते! विरघळलेली! साखरेसारखी! मासे तीच हवा कल्ल्यांनी ओढून घेतात! अगं ताई, पस्तीस वर्षं रोज ट्यूब पाण्यात बुडवतोय, हवा पाण्यातून बाहेर पळताना बघतोय, आणि पाण्याच्या पोटात आधीच हवा बसलेली असते हे मला कुणी सांगू नये? मी त्या पाण्याकडे बघतच राहिलो. एवढी वर्षं सोबत काढून एखाद्याचं दुसरंच काहीतरी खरं नाव निघावं, तसं मला झालं.

बाईंचं सांगणं पुढे चालूच होतं. ऊन वाढलं की पाणी तापतं आणि तापलेलं पाणी हवा कमी धरतं. तळ्यातल्या वनस्पती दिवसा हवा देतात आणि अंधारात स्वतःच ओढून घेतात, म्हणून पहाटे सर्वांत तुटवडा. त्यात कुणी जास्त दाणे टाकले तर ते कुजतात आणि कुजायलाही हवा लागते. (इथे त्यांनी काठावरच्या दाण्यांच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं.) म्हणाल्या, पण एकदा बघून निकाल द्यायचा नाही. पहाटे, दुपारी, संध्याकाळी किती तोंडं वर येतात ते मोजा, मग ठरवू तळ्याला वरून हवा द्यायची की नाही. मी वही घेऊन बसलो. पहाटे अकरा, दुपारी चार, संध्याकाळी सहा. दुपारी वर आलेल्या चारांत साहेब नव्हता, म्हणून मला जरा बरं वाटलं. तर संध्याकाळी बघतो, तो लिलीच्या पानाखाली एका कुशीवर कलला होता. भाऊजींनी तळहाताएवढा आणून बारा वर्षं वाढवलेला मासा, आणि तो माझ्या पहाऱ्यात, तिसऱ्या दिवशी! मी वही मिटली. पुढचा आकडा लिहायची हिंमत नव्हती.

बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. म्हणाल्या, इतकी वर्षं हे तळं मी बघतेय, असं कधी झालं नाही, मग आत्ताच नवीन काय झालं? मी प्रामाणिकपणे म्हटलं, मी झालो. (ताई, तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.) त्यांनी दाणे बंद करायला सांगितलं, पाण्याच्या नळीने उंचावरून तळ्यात धार धरायला लावली, म्हणजे पाणी आपटून थोडी हवा मिसळते, आणि तळ्यांच्या डॉक्टरणीला फोन केला. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता मत्स्यखात्यात आहे. रात्र मी धार धरून काढली. खांदा अजून दुखतोय, पण तो विषय नाही.

सकाळी डॉक्टरीण आली. पोर एवढीशी, पण तिने वायर असलेलं एक यंत्र पाण्यात सोडलं, आकडा बघितला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, दोनच आहे, निदान पाच तरी हवा. गाडीत छोटा पंप नाही, ऑफिसातून घेऊन तासाभरात येते, तोवर पाणी ढवळत राहा. आणि गेली. आता ताई, माझ्या दुकानात लोक गाडी लावतात आणि काय म्हणतात? मागे तीस हवा, पुढे पंचवीस हवा. पाच तरी हवा! पाच पौंड! एवढ्याशा हवेसाठी साहेबाने तासभर तडफडायचं? ज्या गोष्टीत मला कुणाच्या बापाला विचारावं लागत नाही, ती एकमेव गोष्ट म्हणजे हवा, आणि तीच तळ्याला कमी पडतेय! मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी टेम्पो केला, दुकानातला कॉम्प्रेसर उचलून आणला, आणि ओसरीवर मांडला. पाचवर काटा ठेवला तर नळीतून सायकललाही हसू येईल एवढी फुंकर निघाली. तळं मोठं, म्हणून तीसवर नेला. बाई कुंपणापलीकडून काहीतरी ओरडत होत्या, पण कॉम्प्रेसर चालू असताना मला कुणाचं ऐकू येत नाही. नळीचं तोंड तळाशी टेकवलं आणि खटका दाबला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. (भाऊजींचा हात धर.) तळाचा बारा वर्षांचा गाळ उठून माझ्या तोंडावर आला. लिलीची कुंडी उलटली. नळी हातातून सुटून ओसरीभर फिरली आणि दोरीवरच्या वाळत घातलेल्या चादरी तिने पुन्हा ओल्या केल्या. आणि त्या सगळ्यातून साहेब! पाण्यातून सरळ वर, कुंपणावरून पलीकडे, बाईंच्या पायाशी! तीस वर्षं पोरांपुढे मासे कापून दाखवलेल्या बाईंनी अशी किंकाळी फोडली की गल्लीतली चार दारं उघडली. मला काय सुचलं देव जाणे. अंगातला सदरा काढला, तळ्यात बुचकळला, कुंपण ओलांडलं (या वयात, धोतर नव्हे हो, पँट असूनही फाटली), साहेबाला सदऱ्यात गुंडाळलं आणि तुझ्या कपडे धुवायच्या टपात तळ्याचंच पाणी भरून सोडलं. दोन क्षण तो नुसता पडून होता. मी टपावर ओणवा होऊन काय काय बोललो ते बाईंनी ऐकलंय, त्यांना विचारू नकोस. मग त्याने एक मिशी हलवली. त्याचा जीव टपात होता आणि माझा तेव्हा कुठे भांड्यात पडला.

डॉक्टरीण परत आली तेव्हा मी चिखलाने माखलेला, उघडा, टपापाशी बसलेला होतो. कॉम्प्रेसरची वायर तिने स्वतः काढली आणि ती गुंडाळून बाईंकडे ठेवायला दिली, माझ्याकडे नाही. मग बाह्या सावरून तळ्यात हात घातला आणि एक तांत्रिक अडथळा दूर केला. त्यानंतर पाणी आपोआप सुधारत गेलं. संध्याकाळी आकडा पाच आणि वर काहीतरी होता. साहेब पुन्हा तळ्यात गेला. एक खवला कमी आहे, तो मी कागदात जपून ठेवला आहे. तर भाऊजी, तळ्याला हवा हवी की नको याचा रीतसर निकाल असा: हवी. तुमची सगळी व्यवस्था योग्य होती. माझं काही काम नव्हतं. काळजी नसावी.

डोळ्याला जपा. ताई, तू गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा

ता. क. (ताई, आता चष्मा पुसायच्या निमित्ताने खिडकीपाशी जा आणि हे एकटीच वाच. ती किरकोळ दुरुस्ती सांगतो. पहिल्या संध्याकाळी काठावर बसलो होतो तेव्हा लिलीच्या पानांमधून बुडबुडे वर येत होते. एकामागून एक, थांबेचनात. आता माझ्या धंद्यात पाण्यातून बुडबुडा आला तर त्याचा अर्थ एकच. मला धक्काच बसला. भाऊजींचं एवढं जपलेलं तळं आणि त्याला पंक्चर! तळाशी हात घातला तर एक नळी, तिच्या टोकाला मुठीएवढा खडबडीत दगड, आणि हवा त्या दगडाच्या अंगाअंगातून गळत होती. इतकी पंक्चरं एका जागी मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. एकेक बुजवणं शक्यच नव्हतं. म्हणून स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पिशवी केली, कडा घासल्या, सोल्युशन लावलं, दगड आत कोंबला आणि तोंड आवळून टाकलं. बादलीत बुडवून तपासलं. एक बुडबुडा येईल तर शपथ! मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, आता भाऊजींना कळेल मी काय चीज आहे.

पंप कोठीत होता. त्याची घुरघुर मला ऐकू यायची, पण मला वाटलं तुमचा जुना फ्रिज. तो बिचारा तीन दिवस कोंडलेली हवा छातीशी धरून घुरघुरत होता आणि बाहेर मी त्या तळ्याला हवा हवी की नको याची वहीत नोंद करत होतो. डॉक्टरणीने ती पिशवी वर काढली तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे कुणी केलं असेल? मी म्हटलं, काही कल्पना नाही. पण पिशवीवर माझ्या दुकानाचा शिक्का होता. पॅचवर मी शिक्का मारतो, ही सवयच. एवढं मात्र सांगतो, सोल्युशन सुटलं नाही. तिला दगडासकट नळीचं टोक कापावं लागलं. भाऊजींना यातलं अक्षर कळू देऊ नकोस. नवा दगड बसवला आहे. तू फक्त एवढं कर, परत आल्यावर दगड नवा का दिसतोय असं त्यांनी विचारलं तर घासला म्हणून सांग. याच एका विनंतीसाठी मी हे सगळं पत्र लिहिलं.)

ता. क. दुसरा. ताई, पाकीट चिकटवायला डिंक हवा होता म्हणून आत्ता कोठीत गेलो. दारामागचा सूचनांचा कागद धक्क्याने खिळ्यावरून निसटला. त्याच्या मागे दुसरा कागद होता. भाऊजींचंच अक्षर, पण कागद पिवळा पडलेला, कोपरे झडलेले. म्हणजे कितीतरी वर्षांपूर्वीचा, तुम्ही कुठे बाहेर जाताना घर ज्याच्याकडे असेल त्याच्यासाठी लिहिलेला. अठरावं कलम असं आहे: ‘तळ्यातील बुडबुडे बंद पडू देऊ नयेत.’ ते वाचून मला जो धक्का बसायचा तो बसला. पण त्याखाली एकोणिसावं आहे, आणि ते वाचून मी डब्यावर खालीच बसलो. ‘हवेसंबंधी कोणतीही शंका आल्यास इकडेतिकडे विचारत बसू नये. माझ्या मेहुण्यास बोलवावे. हवेतले त्याच्याइतके कोणास कळत नाही.’

ताई, हे त्यांनी लिहिलंय. लग्नातल्या चाकानंतर लिहिलंय. मला वाटत होतं ते मला पाण्यात पाहतात, आणि इथे मी इतकी वर्षं दारामागे, कलम एकोणीस होऊन लटकलो होतो. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

तेव्हा विचार बदलला. खिडकीपासून परत ये. पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच, मोठ्याने, कंसांसकट, शिक्क्यासकट. आधी पाणी दे. आणि सगळं वाचून झालं की त्यांना माझ्यातर्फे एवढंच विचार, कलम एकोणीस ठेवायचं की खोडायचं? खोडायचं असेल तर त्यांनी डोळा बरा झाल्यावर स्वतः येऊन स्वतःच्या हाताने खोडावं. मी घरातली सगळी पेनं लपवून ठेवली आहेत.